जुनी गाडी मोडीत काढायची आहे – नोंदणी रद्द होईपर्यंत काय काय करावं लागतं?

मुक्ता_कोथरूड

नमस्कार मंडळी,

बाबांची मारुती ८०० आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे. १९९९ ची, सांगली पासिंग, एमएच-१०. २०१४ आणि २०१९ मध्ये बाबांनी स्वतः आरटीओत नेऊन रिपासिंग करून घेतलं होतं. २०२४ मध्ये मुदत संपली तेव्हा ते आजारी होते, नंतर गेले. तेव्हापासून गाडी हलली नाही. टायर बसलेत, बॅटरी गेली आहे. सोसायटीने आता जागा मोकळी करायला सांगितलंय, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे.

गल्लीतला भंगारवाला रोख पैसे द्यायला तयार आहे. "ताई, आरसीची काही गरज नाही, टेम्पो आणतो आणि घेऊन जातो," म्हणतो. पण आरटीओच्या दप्तरी गाडी बाबांच्याच नावावर राहणार, हे मला पटत नाही.

अडचणी तीन. एक, मालक हयात नाहीत. आई सांगलीत, मी पुण्यात, भाऊ दुबईत. दोन, आरसीवर अजून सांगली बँकेचा बोजा दिसतो. कर्ज कधीच फिटलंय, पण एचपी (आरसीवरची ही कर्जाची नोंद) उतरवायची राहून गेली. तीन, गाडी सांगलीची आणि उभी पुण्यात.

कुणी यातून गेलं असेल तर क्रम सांगा. आधी काय, नंतर काय?

नीरेकाठचा

मुक्ताताई, भंगारवाल्याला देऊ नका, हे आधी सांगतो. बाकीचं नंतर.

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये मालक म्हणजे ज्याच्या नावावर वाहन नोंदलेलं आहे तो. कलम २(३०). गाडी कुणाच्या ताब्यात आहे, पैसे कुणी दिले, याला तिथे महत्त्व नाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केलं. त्यात गाडी एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी हातोहात विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात झाला आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्या पहिल्या मालकावर आली.

भंगारवाला गाडी तोडेलच याची खात्री काय? १९९९ ची ८०० अजून चालू होऊ शकते. किरकोळ दुरुस्ती करून कुणी खडीच्या खाणीवर किंवा वीटभट्टीवर वापरायला घेतली, तर विमा नाही, पासिंग नाही, आणि नाव तुमच्या बाबांचं. चेसिस नंबर किंवा नंबरप्लेट दुसऱ्याच गाडीवर चढवण्याचे प्रकारही होतात. चार पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण नाव दप्तरातून निघालं पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

वर्धा_रोड

पण पंधरा वर्षं झाली की गाडी आपोआप बाद होते ना? दिल्लीत तर पेट्रोल पंपावर पकडत होते.

नीरेकाठचा

नाही. हा गैरसमज फार पसरलाय आणि त्याचा फायदा एजंट लोक घेतात, म्हणून सविस्तर लिहितो.

दिल्ली आणि राजधानी परिसरात दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल वाहनं चालवायला बंदी घालणारे आदेश हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दिले, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये ते उचलून धरले. तो मामला तिथल्या हवेचा आहे. महाराष्ट्रात खाजगी गाडीला नुसत्या वयावरून मोडीत काढण्याची सक्ती नाही. नोंदणी पंधरा वर्षांची असते, मग तपासणी करून पाच-पाच वर्षं वाढवता येते. सोबत पर्यावरण कर भरावा लागतो. सरकारी गाड्यांचं वेगळं आहे, १ एप्रिल २०२३ पासून त्यांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर वाढवत नाहीत.

वाढवणं महाग मात्र झालंय. कारच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, दुचाकीची ३०० वरून १,०००. वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ती कारला १०,००० आणि दुचाकीला २,००० केली. मुदत संपल्यावर उशीर केला तर महिन्याला वेगळा आकार लागतो. त्यात नवीन सुरक्षित नंबरप्लेट, विमा, पीयूसी. गाडी रोज वापरात असेल तर हे सगळं करावं. उभीच असेल तर कशासाठी?

आणि मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणली तर ती विनानोंदणी वाहन धरली जाते. पहिल्याच गुन्ह्याला पाच हजारांपर्यंत दंड आहे. त्यामुळे "मोडीत काढणाऱ्या केंद्रापर्यंत चालवत नेऊ" हा विचारही करू नका. उचलूनच न्यावी लागेल.

जत_तालुका

मी गेल्या वर्षी वडिलांची ओम्नी याच पद्धतीने काढली, म्हणून प्रत्यक्ष क्रम लिहितो.

हे काम आता नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्रात होतं. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने त्याचे नियम काढले. पूर्वी मालकच गाडी तोडून चेसिस नंबरचा कापलेला तुकडा आरटीओत घेऊन जायचा, मग ते नोंद रद्द करायचे. आता तो तुकडा केंद्रच कापून सहा महिने सांभाळून ठेवतं.

परिवहनच्या संकेतस्थळावर वाहन स्क्रॅपिंगचा विभाग आहे. तिथे राज्यवार केंद्रांची यादी मिळते. गाडी कुठल्याही राज्यात, कुठल्याही आरटीओत नोंदलेली असो, देशातलं कुठलंही नोंदणीकृत केंद्र चालतं. म्हणजे तुमची सांगलीची गाडी पुण्याच्या केंद्रात देता येईल, तिसरी अडचण नाहीच असं समजा.

केंद्रवाले आधी गाडीचा नंबर घेऊन 'वाहन' या सरकारी नोंदणी प्रणालीत तपासतात. बोजा आहे का, कर थकलाय का, आरटीओने काळ्या यादीत टाकलीय का. चोरीच्या गाड्यांच्या राष्ट्रीय नोंदींशीही नंबर ताडून बघतात. यात काही निघालं तर पुढे जात नाहीत. आमच्या गाडीवर जुनी ई-चलनं निघाली, वडिलांनाही माहीत नव्हती. ती भरली, मग गाडं हललं. तुम्ही आजच चलनं बघून घ्या.

दोन-तीन केंद्रांकडून भाव लेखी मागवा. भाव मुख्यतः वजनावर आणि त्या दिवसाच्या लोखंडाच्या दरावर असतो. मारुती ८०० चं वजन साधारण ६५० किलो, तेव्हा फार मोठी रक्कम मनात धरू नका. उचलून न्यायचा खर्च त्यांचा की तुमचा, हे पण त्याच कागदावर लिहून घ्या. आम्हाला एका ठिकाणी भाव जास्त सांगितला आणि टोइंगमध्ये तो वळता करून घेणार होते. आणखी एक, बॅटरी, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, चाकं आधीच काढून विकली असतील तर तेवढे पैसे कापतात.

पैसे खात्यातच येतात. रद्द केलेला चेक द्यावा लागतो. रोख देतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब.

गाडी ताब्यात घेतली की जमा प्रमाणपत्र मिळतं. गाडी प्रत्यक्ष तोडल्यावर स्क्रॅपिंगचं प्रमाणपत्र. ही दोन वेगवेगळी आहेत. दुसरं हातात आल्याशिवाय पाठपुरावा सोडू नका.

शुभदा_ठाणे

वारसांचा भाग मी सांगते. आमच्याकडे सासऱ्यांची सँट्रो होती.

मालक गेल्यावर कायद्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. बहुतेक घरांत त्या दिवसांत हे कुणाला सुचत नाही, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. आता रस्ते दोन. एक, आधी आईंच्या नावावर गाडी करून मग मोडीत देणे. यात मुदत संपलेल्या नोंदणीचं काय, हा प्रश्न येतो आणि मोडीत जाणाऱ्या गाडीवर खर्च होतो. दुसरा, वारस म्हणून थेट केंद्राकडे अर्ज. आम्ही दुसरा घेतला. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, अर्ज करणाऱ्याचं आधार, पॅन आणि चेक, मूळ आरसी, आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र दिलं. केंद्रानुसार आणि आरटीओनुसार मागणी थोडी बदलते, म्हणून गाडी हलवायच्या आधी सगळ्या कागदांचे फोटो पाठवून "एवढं पुरेल का" हे लेखी विचारा.

अर्ज आईंच्या नावे करा, पैसे त्यांच्या खात्यात जाऊ देत. तुम्ही आणि भाऊ ना-हरकत द्या. भाऊ दुबईत आहेत तर तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात सही साक्षांकित करून मूळ कागद पाठवायला सांगा. व्हॉट्सअॅपवरची प्रत चालत नाही.

पेठेतला_कारकून

बोजाबद्दल. मी बँकेत होतो, म्हणून हे खात्रीने सांगतो.

सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. म्हणजे ना-हरकत आता त्यांच्याकडून घ्यायची. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली. ग्लोबल ट्रस्ट बँक २००४ मध्ये ओरिएंटल बँकेत आणि ती २०२० मध्ये पंजाब नॅशनलमध्ये. देना आणि विजया २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात. जुन्या आरसीवर ही नावं अजून दिसतात आणि लोक "बँकच राहिली नाही" म्हणून हात टेकतात. बँक गेली तरी तिची खाती आणि जबाबदाऱ्या दुसऱ्या बँकेकडे गेलेल्या असतात, आणि ना-हरकत देणं हे त्या बँकेचं काम आहे.

शाखेत जाताना आरसीची प्रत, कर्ज खात्याचा नंबर सापडला तर तो, शेवटच्या हप्त्याची पावती किंवा पासबुकातली नोंद, आणि मृत्यूचा दाखला न्या. अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर पोच घ्या. खाते क्रमांक सापडत नसेल तर गाडीचा नंबर, चेसिस नंबर आणि बाबांचं पूर्ण नाव लिहून द्या. जुन्या नोंदी शोधायला वेळ लागतो, पण नेटाने मागे लागलं की पत्र मिळतं. मग ते पत्र आणि फॉर्म ३५ लावून एचपी उतरवायची. हेच तुमचं पहिलं पाऊल. बाकी सगळं याच्यावर अडलेलं आहे.

मुक्ता_कोथरूड

इतक्या लवकर इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. बाबांच्या कपाटात पासबुकं आहेत, ते काहीच टाकत नसत. एक मनातलं विचारते. गाडीची नंबरप्लेट आठवण म्हणून ठेवता येते का?

जत_तालुका

प्लेट ठेवू नका, ताई. ती गाडीसोबतच जाऊ दे, कारण प्लेट दुसऱ्याच्या हाती लागली की गैरवापर होतो. बाकी तुमच्या वस्तू काढून घ्या. मी ओम्नीच्या डॅशबोर्डवरचा वडिलांनी लावलेला विठोबा काढून आणला, तो आता माझ्या गाडीत आहे. डिकी, सीटखाली, ग्लोव्ह बॉक्स नीट बघा. गाडीचे चारही बाजूंनी, चेसिस नंबरचा आणि उचलतानाचा असे फोटो काढा. ते आठवणीलाही होतात आणि पुराव्यालाही.

कुर्ला_डेपो

मी वेगळी बाजू मांडतो. आमचं घर कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारावर दोन पिढ्या चाललं. तिथला कारागीर दाराची एक बिजागरीसुद्धा वाया घालवत नाही. कंपनीने सुटे भाग बनवणं बंद केल्यावर जुन्या गाड्या चालत्या राहिल्या त्या अशा बाजारांमुळे, कुर्ला असो की पुण्याचा जुना बाजार. भंगारवाला म्हणजे चोर, असा सूर इथे लागू नये ही विनंती. कागद नीट करणं ही मालकाची जबाबदारी होती, ती मालकांनी टाळली आणि बोल बाजाराला लागला.

नीरेकाठचा

तुमचं म्हणणं मान्य, माझ्या लिहिण्यात तसा सूर आला असेल तर तो माणसांबद्दल नाही. माझा मुद्दा नोंदणी रद्द होण्याचा आहे, आणि ती भंगारवाल्याला करता येत नाही.

रासायनिक_चिपळूण

कुर्ल्याच्या भाऊंबद्दल आदर ठेवून एक गोष्ट जोडते. मी प्रदूषण नियंत्रणाच्या क्षेत्रात काम करते.

एका कारमध्ये इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, शिसं आणि गंधकाम्ल असलेली बॅटरी, एसीतला वायू आणि टाकीत उरलेलं पेट्रोल असतं. गाडी कापण्यापूर्वी हे सगळं वेगळं काढून बंद भांड्यांत साठवायला हवं. उघड्यावर गॅस कटरने गाडी कापली की तेल जमिनीत मुरतं, सीटचा फोम आणि वायरींचं प्लास्टिक जळतं, आणि त्या धुरात उभा असतो तो कारागीरच. त्याच्या फुप्फुसांचा विचार आपण कुणीच करत नाही. चिपळूणला पुराच्या पाण्यात अंगणात उभ्या जुन्या गाड्यांतलं तेल घराघरांत पसरलेलं मी पाहिलंय. उभी ठेवलेली गाडीसुद्धा निरुपद्रवी नसते.

मोडीत निघणाऱ्या वाहनांचे पर्यावरण नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेत. त्यांत वाहन उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे, तशी मालकांवरही. नोंदणी वैध न राहिलेली किंवा तपासणीत अपात्र ठरलेली गाडी १८० दिवसांच्या आत अधिकृत संकलन केंद्रात किंवा स्क्रॅपिंग केंद्रात जमा करायची आहे. माझी मनापासून इच्छा आहे की कुर्ल्यातल्या कसबी माणसांना या केंद्रांत सन्मानाने काम मिळावं. गाडी सोडवण्याचं त्यांचं ज्ञान कुठल्याही यंत्राकडे नाही.

जुनी_फियाट

कृपया घाईने सगळंच मोडीत काढू नका! माझ्याकडे आजोबांची १९७० ची फियाट आहे. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात असलेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. नंबरमध्ये राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला ती चालत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्यासाठी रस्त्यावर आणता येते. मुक्ताताईंच्या गाडीला हे लागू नाही, पण हा धागा वाचणाऱ्या कुणाच्या वाड्यात जुनी लँब्रेटा किंवा फियाट झाकून ठेवलेली असेल तर आधी हे बघा.

शुभदा_ठाणे

राहिलेलं पटकन लिहिते. नोंदणी रद्द झाल्यावर विमा कंपनीला कळवा, पॉलिसी चालू असेल तर उरलेल्या काळाचा परतावा मागा. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) जमा असेल तर त्याचं पत्र घ्या, मालकाला तो तीन वर्षांच्या आत नवीन गाडीवर वापरता येतो. फास्टॅग बंद करा आणि अनामत परत मागा. सोसायटीच्या पार्किंग नोंदीतूनही नंबर काढून घ्या.

वर्धा_रोड

आणि जमा प्रमाणपत्राचा फायदा? नवीन गाडीवर सूट मिळते ऐकलं.

जत_तालुका

मिळते. प्रमाणपत्र दाखवलं तर नवीन गाडीची नोंदणी फी माफ आहे. मोटार वाहन करात खाजगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत, व्यावसायिक गाडीला १५ टक्क्यांपर्यंत सूट राज्यांनी द्यावी असा केंद्राचा नियम आहे. ही कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्ष किती ते राज्य ठरवतं, म्हणून बुकिंगच्या आधी शोरूममध्ये कोटेशनवर सूट दाखवायला लावा. प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं आणि एकदा वापरलं की संपलं. तुम्हाला नवीन गाडी घ्यायची नसेल तर ते दुसऱ्याला ऑनलाइन हस्तांतरित करता येतं. आम्ही ते चुलतभावाला दिलं.

मुक्ता_कोथरूड

प्रगती कळवते. बँकेचं पत्र मिळालं. पासबुकात शेवटच्या हप्त्याची नोंद सापडली, तिनेच काम झालं. एचपी उतरली. आईचं आणि माझं प्रतिज्ञापत्र तयार आहे, भावाचं दूतावासातून निघालंय. दोन केंद्रांकडून लेखी भाव आले. ज्यांनी उचलण्याचा खर्च स्वतःकडे घेतला त्यांना होकार देतेय, जरी भाव थोडा कमी असला तरी. भंगारवाल्या काकांनाही सांगितलं, ते समजुतीने घेतात. त्यांना घरातला जुना फ्रिज आणि कपाट दिलं.

एक चलन निघालं, ते भरलं.

नीरेकाठचा

उत्तम. गाडी गेल्यावर वाहन प्रणालीत नंबर टाकून स्थिती बघत राहा. नोंदणी चालू किंवा नुसती मुदत संपलेली दिसत असेल तर काम झालेलं नाही. ती रद्द झालेली दिसली पाहिजे. नाहीच बदलली तर दोन्ही प्रमाणपत्रांच्या प्रती जोडून सांगली आरटीओला लेखी कळवा आणि पोच घ्या. सगळे कागद किमान काही वर्षं सांभाळा.

पेठेतला_कारकून

मी कर्वे रस्त्यालाच राहतो. उचलायच्या दिवशी कुणी सोबत हवं असेल तर निरोप टाका, मी येतो. इतके दिवस उभ्या गाडीची मागची चाकं जाम झालेली असतात, हँडब्रेक सुटत नाही. आदल्या दिवशी टायरमध्ये हवा भरून बघू, म्हणजे टेम्पोवर चढवताना सोसायटीच्या फरशा फुटणार नाहीत.